संस्थेचा आराखडा आणि बदलता काळ



वार्षिक अहवालातील ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक आपण दरवर्षी पाहता. वर्षभरात किती रक्कम जमा झाली, ती कोणत्या कामी लागली आणि ३१ मार्च रोजी शिल्लक काय राहिली, याचा हिशेब त्यात असतो. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझी अशी समजूत होती की, हिशेब चोख असला म्हणजे संस्था चोख असते. प्रशासकाच्या खुर्चीत बसल्यानंतर ही समजूत हळूहळू ढिली होत गेली. हिशेब हा होऊन गेलेल्या गोष्टींचा असतो. बाहेर एखादा नियम बदलला, एखाद्या वस्तूचा दर उतरला किंवा एखादी शासकीय योजना सुरू झाली, तर रुग्णालयाच्या आत कोणकोणत्या टेबलांवर काय बदलले पाहिजे, हे ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी संस्थेचे निराळे चित्र लागते. ते चित्र कसे काढतात, ते वेळोवेळी दुरुस्त का करावे लागते आणि न केल्यास त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

एका रात्रीची हकिगत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास जवळच्या गावातील एक तरुण आपल्या वडिलांना जीपमधून घेऊन आपल्या रुग्णालयात आला. वडील अल्पभूधारक शेतकरी. छातीत दुखत होते आणि दम लागला होता. फाटकावरील रखवालदार मामांनी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांना आधी नोंदणीच्या खिडकीकडे पाठविले. खिडकीवरील रोखपालाने अनामत रक्कम सांगितली. मुलाजवळ तेवढे पैसे नव्हते आणि पिवळे रेशनकार्ड घाईत घरी राहिले होते.

"साहेब, कार्ड सकाळी आणून देतो. आधी बाबांना आत घ्या," असे तो विनवीत होता.

"दादा, माझ्या हातात काही नाही. सवलतीचे काम बघणाऱ्या मॅडम सकाळी दहाला येतात," असे उत्तर त्यास मिळाले.

अपघात विभागातील डॉक्टरांनी मधल्या वेळात रुग्णास तपासून प्रथमोपचार सुरू केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. परंतु अतिदक्षता विभागात खाट मिळण्यास जवळजवळ दोन तास लागले. तेवढ्या वेळात धाकट्या भावाने आईच्या कानांतील फुले गावातील सावकाराकडे गहाण ठेवून पैसे आणले आणि अनामत भरली गेली. रुग्ण यथावकाश बरा होऊन घरी गेला. कागदपत्रे पाहिल्यावर तो निर्धन रुग्णांच्या वर्गात बसत असल्याचे आढळले व अनामत तिसऱ्या दिवशी परत करण्यात आली. सावकाराचे व्याज मात्र त्या कुटुंबाने भरले. ती रक्कम आमच्या कोणत्याही खात्यावर पडली नाही. आमच्या वह्यांनुसार त्या रात्री काहीच चुकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकशी करताना दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी मी निघालो होतो. रोखपालाने टेबलाच्या काचेखाली ठेवलेले सूचनापत्रक दाखविले. त्यात लिहिल्याप्रमाणेच तो वागला होता, पण ते पत्रक जुने होते. वैद्यकीय समाजसेविकेच्या फायलीत सुधारित नियम व्यवस्थित लावलेला होता. परंतु ती फाईल रात्री कुलपात असे. तातडीच्या रुग्णाकडे खिडकीवर पैसे मागितले जात नाहीत, अशी डॉक्टरांची खात्री होती. तिघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. मात्र एकाच रुग्णालयाची तीन निरनिराळी चित्रे तिघांच्या मनात होती आणि त्यांपैकी एक कालबाह्य झाले होते.

आराखडा म्हणजे काय

घर बांधताना वास्तुविशारद नकाशा काढतो. गवंडी, सुतार, नळकाम करणारा आणि विजेचे काम करणारा हे सर्व जण तोच नकाशा समोर ठेवून काम करतात, म्हणून नळ भिंतीतून योग्य ठिकाणी बाहेर येतो. संस्थेलाही असा नकाशा असावा, या विचारातून व्यवस्थापनशास्त्रात एक शाखा विकसित झाली. तिला एंटरप्राइज मॉडेलिंग असे म्हणतात. आपण तिला सोयीसाठी 'संस्थेचा आराखडा' म्हणू.

या विषयातील एक मूलभूत मांडणी जॉन झॅकमन यांची आहे. आयबीएम या संगणक कंपनीत काम करीत असताना त्यांनी १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्या साहाय्याने तिचा विस्तार केला. तिचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे आहे. कोणत्याही संस्थेला सहा प्रश्न विचारावेत: काय, कसे, कोठे, कोण, केव्हा आणि का. या सहांची उत्तरे विश्वस्ताच्या दृष्टीने, विभागप्रमुखाच्या दृष्टीने आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या दृष्टीने स्वतंत्रपणे लिहून काढावीत व ती एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहावे. जेथे जुळत नाहीत, तेथे आज ना उद्या घोटाळा होणार हे ओळखावे.

त्या रात्रीचा प्रसंग आम्ही या सहा प्रश्नांवर मांडून पाहिला. 'का' या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या विश्वस्तलेखात स्पष्ट होते: पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून परत जाऊ नये. 'काय' आणि 'कसे' यांची उत्तरे सुधारित नियमात होती. 'कोठे' याचे उत्तर खिडकी असे दिलेले होते, वस्तुतः तातडीच्या रुग्णासाठी ते अपघात विभाग असावयास हवे होते. 'केव्हा' याचे उत्तर सकाळी दहा ते सायंकाळी सहा असे होते, आजारपण मात्र घड्याळ पाहून येत नाही. आणि 'कोण' या रकान्यात आम्ही डॉक्टर, परिचारिका, रोखपाल व समाजसेविका यांची नावे लिहिली होती. रात्री आलेल्या कुटुंबाला ज्या माणसाचे सर्वप्रथम दर्शन होते, त्या रखवालदाराचे नाव आमच्या एकाही कागदावर नव्हते.

नियम चांगला होता, माणसे चांगली होती, उद्देशाविषयी कोणाचे दुमत नव्हते. त्यांना जोडणारी रेघ तेवढी कोठेच काढलेली नव्हती.

स्थिर काय आणि बदलते काय

आराखडा एकदा काढून भिंतीवर लावला म्हणजे काम संपले, असे झाले असते तर हा लेख येथेच थांबला असता. पण घराचा नकाशा घर बांधून झाल्यावर पेटीत ठेवता येतो, संस्थेचा ठेवता येत नाही. संस्था रोज नव्याने उभी राहत असते आणि भोवतालची जमीनही हलत असते.

स्टीफन हेकल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अडॅप्टिव्ह एंटरप्राइज' या ग्रंथात या अडचणीचा विचार केला आहे. पूर्वीच्या संस्था पुढील काही वर्षांचे अंदाज बांधत, त्यानुसार वस्तू तयार करीत आणि विकत. परिस्थिती संथपणे बदलत असेल तोपर्यंत हे चालते. ती वेगाने व अनपेक्षितपणे बदलू लागली की अंदाजावर विसंबणे धोक्याचे ठरते. अशा वेळी संस्थेने बाहेर काय घडत आहे ते लवकर जाणावे, त्याचा अर्थ लावावा, निर्णय घ्यावा, कृती करावी आणि पुन्हा जाणण्याकडे वळावे, असे हेकल यांचे प्रतिपादन आहे.

परंतु सर्वच गोष्टी बदलत्या ठेवल्या तर संस्था दिशाहीन होईल. म्हणून हेकल यांनी दोन भाग वेगळे ठेवण्यास सांगितले. संस्था कशासाठी आहे आणि कोणत्या मर्यादा कधीही ओलांडावयाच्या नाहीत, हा भाग नेतृत्वाने निःसंदिग्धपणे ठरवावा व तो सहसा हलवू नये. त्या चौकटीच्या आत कोणी कोणाला काय द्यावयाचे, हा दुसरा भाग मात्र परिस्थितीनुसार मोकळेपणाने बदलावा. या दुसऱ्या भागाचे वर्णन ते कामांच्या यादीने करीत नाहीत, परस्परांना दिलेल्या वचनांनी करतात. प्रयोगशाळेने अतिदक्षता विभागाला अमुक वेळात अहवाल देण्याचे वचन, भांडाराने शस्त्रक्रियागृहाला साहित्याचे वचन, रुग्णालयाने रुग्णाला खर्चाच्या अंदाजाचे वचन, अशी ही साखळी होय. आम्हा हिशेबाच्या माणसांना ही भाषा चटकन समजते. प्रत्येक देण्याला घेणारा असतो आणि प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात.

आरोग्यसेवेत या तत्त्वाचे एक उत्तम उदाहरण मदुराई येथे पाहावयास मिळते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये तेथे ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. टाळता येण्याजोगे अंधत्व दूर करणे हा त्यांचा उद्देश. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलावयाचा, ही तेथील अर्थरचना. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचे तंत्र आले. आयात केलेली भिंगे महाग होती. जुनीच रचना कायम ठेवली असती तर श्रीमंताच्या डोळ्यात भिंग आणि गरिबाच्या नाकावर जाड काचांचा चष्मा, असा भेद निर्माण झाला असता. त्यावर उपाय म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब ही निर्मितीसंस्था स्थापन करून अल्प किमतीत भिंगे बनविण्यास प्रारंभ झाला. नंतरच्या काळात खेड्यांतील दृष्टिकेंद्रे दूरसंचाराच्या साहाय्याने डॉक्टरांशी जोडण्यात आली. सहा प्रश्नांपैकी 'का' याचे उत्तर तेच राहिले. ते टिकविण्यासाठी उरलेल्या पाचांची उत्तरे अनेकदा बदलली गेली.

आपल्या भोवतालची हलती जमीन

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत किती बदल झाले, यावर एक दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, म्हणजेच पूर्वीचा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, याच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत उपचारांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरातील उपचारांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते. या रुग्णांकडून अनामत मागावयाची नसते आणि तातडीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावयाचे असतात. पात्रतेच्या उत्पन्नमर्यादा शासनाने नंतर वाढविल्या आहेत.

२०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरविण्यात आल्या. त्याच वर्षीच्या जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाला. आरोग्यसेवा करमुक्त राहिली हे खरे. पण त्यामुळेच खरेदीवर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयास मिळत नाही आणि तो कर खर्चातच मिळतो. २०२२ मध्ये अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोल्यांवर ५ टक्के कर आला. या सर्वांच्या मध्ये २०२० मध्ये कोविडची महामारी आली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात राज्य शासनाने खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दरांखाली आणल्या.

यांतील एकाही बदलाची तारीख कोणत्याही रुग्णालयाने आपल्या पंचवार्षिक योजनेत आधी लिहून ठेवलेली नव्हती, तशी ती लिहिता आलीही नसती. परंतु बदल आल्यानंतर तो संस्थेत कोठे कोठे पोहोचला पाहिजे, हे मात्र आधी लिहून ठेवता येते.

एका बदलाचा प्रवास

स्टेंटचे उदाहरण घेऊ. २०१७ च्या त्या आदेशाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये अशी ठरविण्यात आली. आदेश तत्काळ लागू झाला. वरकरणी हा दरपत्रकातील एका ओळीचा बदल वाटतो. आराखड्यावर बोट ठेवून पाहिले तर तो किमान सहा ठिकाणी जातो. खरेदी विभागाला पुरवठादारांशी नव्याने बोलावे लागते. भांडारात असलेल्या जुन्या दराच्या मालाचा प्रश्न सोडवावा लागतो. बिल करणाऱ्या संगणकात बदल करावा लागतो, कारण स्टेंटची किंमत, नाव व उत्पादक यांची बिलात स्वतंत्र नोंद करणे बंधनकारक झाले. रुग्णाच्या नातेवाइकांना शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या अंदाजपत्रकाचा नमुना बदलतो. विमा कंपन्यांशी झालेल्या करारांतील एकत्रित दर पुन्हा तपासावे लागतात. शेवटी, स्टेंटच्या जुन्या किमतीतून रुग्णालयाला काही शिल्लक राहत असेल आणि ती एखाद्या मोफत सेवेस लागत असेल, तर त्या सेवेसाठी दुसरा आधार शोधावा लागतो.

हा सहावा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अदृश्य असतो. दर कमी झाले ही रुग्णांच्या दृष्टीने स्वागतार्ह गोष्ट आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र रुग्णालयाने आपल्या मोफत सेवेचा आधार कोणत्या खांबावर आहे हे लिहूनच ठेवले नसेल, तर तो खांब हलल्यानंतर छप्पर का गळते हे त्यास कळत नाही. मग एखाद्या वर्षी गाजावाजा न होता मोफत सेवेचा संकोच होतो, आणि तसा निर्णय कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात सापडत नाही.

निधी कधी आटतो

ही गोष्ट आकड्यांत मांडून दाखवितो. पुढील आकडे केवळ समजावून देण्यासाठी कल्पिलेले आहेत, आपल्या रुग्णालयाचे खरे आकडे अहवालाच्या हिशेबपत्रकांत स्वतंत्रपणे दिलेले आहेत.

समजा, एखाद्या रुग्णालयाची महिन्याची एकूण बिले १ कोटी रुपयांची आहेत. पगार, वीज, देखभाल असा रुग्ण आले वा न आले तरी होणारा स्थिर खर्च ६० लाख आहे. औषधे व साहित्य असा रुग्णसंख्येनुसार बदलणारा खर्च बिलांच्या ३५ टक्के, म्हणजे ३५ लाख आहे. निधीची रक्कम बाजूला काढण्यापूर्वी ५ लाखांचा वाढावा राहतो. २ टक्क्यांप्रमाणे निर्धन रुग्ण निधीत २ लाख जमा होतात. निर्धन व दुर्बल रुग्णांवरील खर्च ३ लाख असेल तर उरलेले १ लाख देणगीतून येतात. सर्व काही सुरळीत आहे.

आता बिले ६० लाखांवर आली असे समजा. कोविडच्या काळात नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा अनेक रुग्णालयांना अशा घसरणीचा अनुभव आला. बदलता खर्च २१ लाखांवर येईल, पण स्थिर खर्च ६० लाखच राहील. ५ लाखांच्या वाढाव्याच्या जागी २१ लाखांची तूट उभी राहील. निधीत १ लाख २० हजारच जमा होतील. त्याच वेळी लोकांचे रोजगार गेल्यामुळे सवलत मागणाऱ्यांची संख्या वाढून तो खर्च ४ लाख झाला, तर देणगीतून भरून काढावयाची रक्कम १ लाखावरून २ लाख ८० हजारांवर जाईल.

या मांडणीतून जी गोष्ट दिसते ती ताळेबंदात दिसत नाही. गरिबांसाठीचा निधी पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बिलांशी बांधलेला आहे. म्हणून ज्या वर्षी समाजाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वर्षी तो आटतो. यात कोणाची लबाडी नाही, ती रचनाच तशी आहे. आराखडा समोर असेल तर चांगल्या वर्षांतच त्यासाठी राखीव तरतूद करण्याचा निर्णय विश्वस्तांना घेता येतो. नसेल तर तूट दिसू लागल्यावर धावपळ होते आणि पहिली कात्री तेथेच लागते.

देणगीदारांसाठी चार शब्द

याच संदर्भात देणगीदारांशी मोकळेपणाने बोलण्याची परवानगी असावी. आपल्या प्रियजनांच्या स्मरणार्थ एखादे यंत्र द्यावे, त्यावर नावाची पाटी असावी, ही भावना अत्यंत स्वाभाविक आणि आदरणीय आहे. या रुग्णालयातील कितीतरी सोयी अशाच भावनेतून उभ्या राहिल्या आहेत. परंतु आराखड्याच्या दृष्टीने यंत्र ही एकटी वस्तू नसते. ते चालविणारा तंत्रज्ञ, वार्षिक देखभालीचा करार, वीज, लागणारे सुटे साहित्य, ठेवण्याची खोली आणि काही वर्षांनी ते बदलण्याची तरतूद, अशी वचनांची एक साखळी त्याच्याबरोबर संस्थेत येते. यंत्र भेट मिळते, साखळी मात्र दरवर्षी विकत घ्यावी लागते.

म्हणून यापुढे कोणत्याही यंत्राचा प्रस्ताव देणगीदारांपुढे ठेवताना त्यासोबत ही संपूर्ण साखळी एका कागदावर मांडून देण्याची प्रथा आम्ही सुरू केली आहे. काही देणगीदारांनी तो कागद वाचून यंत्राऐवजी त्याच्या देखभालीचा भार उचलणे पसंत केले, काहींनी कोणतीही अट न घालता रक्कम दिली. अशा अटीविरहित देणगीला पाटी लावता येत नाही. पण बिले घटतात आणि गरज वाढते अशा वर्षी मोफत खाट चालू राहते ती तिच्याच बळावर.

आराखडा जिवंत कसा ठेवतो

आपल्या रुग्णालयात हे काम कोणत्याही मोठ्या खर्चाशिवाय सुरू झाले. सभागृहाच्या एका भिंतीवर मोठा कागद लावून रुग्ण फाटकातून आत येतो तेथपासून घरी जातो तोपर्यंतचा मार्ग रेखाटला. प्रत्येक टप्प्यावर कोण कोणास काय देतो, कोणत्या नियमानुसार आणि कोणत्या वेळेत, हे त्या त्या कर्मचाऱ्यानेच लिहिले. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, सफाईच्या मावशी, रोखपाल, रुग्णवाहिकेचे चालक आणि रखवालदार मामा, सर्वांना त्या भिंतीजवळ बोलाविले. पहिल्याच बैठकीत मामांनी सांगितले की, रात्री येणाऱ्या रुग्णांपैकी कोणाला आधी आत न्यावयाचे हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही. त्यांच्या नोकरीला तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

त्यानंतर तीन नियम केले. पहिला, बाहेरून कोणतेही परिपत्रक, आदेश वा दरबदल आला की त्याची बदल-नोंदवहीत नोंद करावयाची आणि सहा प्रश्नांपैकी कोणकोणत्या उत्तरांना तो स्पर्श करतो ते त्यापुढे लिहावयाचे. ज्या टेबलांवरील कागद बदलावा लागतो, त्या प्रत्येक टेबलावरील जुना कागद परत आल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे मानावयाचे नाही. दुसरा, दर तिमाहीस प्रशासन, लेखा व वैद्यकीय विभागांनी एकत्र बसून बिले घटली, खर्च वाढला किंवा शासनाकडून येणे लांबले तर काय होईल, याची उदाहरणे सोडवून पाहावयाची. तिसरा, वर्षातून एकदा विश्वस्त मंडळाने संपूर्ण आराखडा पाहावयाचा आणि संस्थेचा उद्देश व न ओलांडावयाच्या मर्यादा पुन्हा वाचून कायम करावयाच्या. बाकी सर्व भाग प्रशासन बदलू शकते, हा भाग मात्र केवळ विश्वस्त मंडळाचा आहे.

रात्रीच्या वेळेपुरता झालेला बदल असा. तातडीचा रुग्ण फाटकातून थेट अपघात विभागात नेला जातो. त्यास दाखल करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात व पैशांचा विषय त्या वेळी निघत नाही. सवलतीचा अर्ज कर्तव्यावरील परिचारिका भरून घेते. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांसाठी समाजसेविका दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना मदत करतात. खिडकीजवळ या हक्कांची माहिती देणारा फलक ठळक अक्षरांत लावला आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी तो अवश्य वाचावा, आणि त्याविरुद्ध कोणी वागत असेल तर माझ्या कार्यालयात यावे. तशी प्रत्येक तक्रार आम्ही बदल-नोंदवहीतच नोंदवितो, कारण आराखड्यातील चूक बहुधा रुग्णालाच सर्वांआधी कळते.

मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आराखडा फार बारकाईने काढला तर तो कोणी वाचत नाही आणि कपाटात जातो. फार ढोबळ काढला तर प्रसंगी उपयोगी पडत नाही. आमचाही पहिला आराखडा इतका गुंतागुंतीचा झाला होता की तो मलाच समजावून सांगता येईना, तेव्हा निम्म्याहून अधिक रेघा पुसल्या. दुसरे असे की, आकड्यांची उदाहरणे पर्याय दाखवितात, निवड करीत नाहीत. तूट आली असता कोणता खर्च कमी करावयाचा, हा प्रश्न शेवटी मूल्यांचा आहे आणि त्याचे उत्तर माणसांनीच द्यावयाचे आहे. तिसरे, आराखडा कितीही चांगला असला तरी रात्री अकरा वाजता घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे त्यात लिहिता येत नाही. ते अंगी असावे लागते.

तरीही हे काम चालू ठेवण्याचा आमचा निर्धार आहे. त्या शेतकरी कुटुंबाने भरलेले व्याज आम्हाला परत करता आले नाही. आपली कागदपत्रे तपासून मी पुढे त्यांच्या गावी निरोप पाठविला, तेव्हा वडील पुन्हा शेतात जाऊ लागल्याचे आणि आईची फुले सुगीनंतर सोडवून आणल्याचे समजले. भिंतीवरील आराखड्यात फाटकाच्या जागी आता रखवालदार मामांचे नाव पहिल्या क्रमांकावर आहे.

  सभागृहातील तो आराखडा कार्यालयीन वेळेत कोणासही पाहता येतो. आपण अवश्य यावे आणि त्यात काही राहून गेले असल्यास दाखवून द्यावे.